कार्ड हातात आलं, पण बुजुर्गांच्या रोजच्या गोळ्यांचं काय?

केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ७० वर्षांवरील सर्व नागरिकांसाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू केलं. उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्डाच्या रंगाची अट नाही, आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबायची गरज नाही. आधार कार्डवर वय ७० असेल तर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत. योजना चांगलीच आहे. हृदयाचं ऑपरेशन असो की गुडघ्याचं, ज्या घरांना पूर्वी दागिने गहाण टाकावे लागत, त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे.

पण हे कार्ड घेऊन कुणी मेडिकल स्टोअरमध्ये गेलं आणि म्हणालं, ‘अब्बांच्या शुगरच्या गोळ्या द्या’, तर दुकानदार पैसेच मागणार. कारण हे कार्ड दवाखान्यात भरती झालेल्या पेशंटसाठी आहे. भरती होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्याच काळातली औषधं त्यात बसतात. सोळाव्या दिवसापासून खर्च घरच्यांचा. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू आहे, पण तिचाही मुख्य भर भरती होऊन घेतलेल्या उपचारांवरच आहे.

खर्च नेमका कुठे होतो?

म्हातारपणाचे आजार बहुतेक वेळा एकदाच येऊन जाणारे नसतात. बीपी, शुगर, थायरॉईड, दमा, सांधेदुखी हे आयुष्यभराचे सोबती. सरकारनेच २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लासी’ या वृद्धांच्या पाहणीनुसार देशातील ६० वर्षांवरील सुमारे ७५ टक्के लोकांना कोणता ना कोणता जुनाट आजार आहे. आरोग्य विमा होता फक्त १८ टक्क्यांच्या आसपास लोकांकडे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होतं, म्हणजे सुधारणा झाली आहे. पण या खिशातल्या खर्चाचा मोठा भाग औषधांवर जातो आणि विमा नेमका तिथेच कमी पडतो.

आता आपल्या मोहल्ल्यांकडे पाहा. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिलं होतं की मुस्लिमांमध्ये स्वतःचा छोटा धंदा किंवा कारागिरी करणारे जास्त आणि नियमित पगाराच्या नोकरीत असणारे कमी. मालेगाव-भिवंडीचा लूम कामगार, शिलाईकाम करणारा, रिक्षा चालवणारा, फळांची गाडी लावणारा, यांना निवृत्ती नाही आणि पेन्शनही नाही. केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याला सीजीएचएसमधून रोजची औषधंसुद्धा मिळतात. आयुष्यभर लूमवर उभ्या राहिलेल्या माणसाला तसं काही नाही. त्याचा औषधखर्च मुलांच्या कमाईतून जातो, आणि त्या महिन्यात शाळेची फी किंवा घरभाडं आलं की सगळ्यात आधी गोळ्यांवर काट बसते. रोजची गोळी एक दिवसाआड सुरू होते. बुजुर्ग स्वतःच म्हणतात, ‘आता बरं वाटतंय, नको आणू.’

महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. समजा, नवरा-बायको दोघांच्या गोळ्यांना महिन्याला २,५०० रुपये लागतात. ज्या घराला हे अनुदान मिळतं त्या घरात दोघांच्या ३,००० पैकी ५०० उरतील. आणि घर महिन्याला दहा हजार कमावत असेल तर ते या यादीतच बसत नाही. त्या घराचा पाव हिस्सा पगार मेडिकलमध्ये जाईल.

मोफत औषधं कागदावर आहेत

मोफत औषधांची व्यवस्थाच नाही, असं म्हणणं चुकीचं ठरेल. केंद्राच्या यादीनुसार प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवरील आयुष्मान आरोग्य मंदिरात १७२ प्रकारची औषधं असायला हवीत, त्यात बीपी-शुगरची नेहमीची औषधंही येतात. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सर्व सेवा मोफत केल्या. मात्र वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि महापालिकांचे दवाखाने त्या निर्णयाबाहेर राहिले. शहरातले आपले लोक जास्त करून तिथेच जातात.

दुसरा प्रश्न पुरवठ्याचा. आधी औषध खरेदी हाफकिन महामंडळाकडे होती. तिथल्या विलंबाच्या तक्रारींनंतर २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण नेमलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, औषध तुटवड्याचे आरोप झाले, सरकारने ते नाकारले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खिडकीवर ‘ही गोळी बाहेरून घ्या’ असं ऐकलं की योजना कितीही चांगली असली तरी बुजुर्गांच्या दृष्टीने ती तिथेच संपते.

तिसरा मार्ग जनऔषधी केंद्राचा. देशात अशी १५ हजारांहून जास्त केंद्रं आहेत आणि तिथली औषधं ब्रँडेडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचं सरकार सांगतं. अडचण चिठ्ठीची आहे. डॉक्टरांनी कंपनीचं नाव लिहिलं तर दुकानदाराला स्वतःहून दुसऱ्या कंपनीचं औषध देता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जेनेरिक नाव लिहिणं बंधनकारक केलं, पण त्याच महिन्यात हा नियम स्थगितही झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा मात्र खरा आहे.

इतर राज्यांनी काय केलं?

तमिळनाडूने १९९४ मध्येच औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभं केलं आणि ऑगस्ट २०२१ पासून बीपी-शुगरच्या गोळ्या थेट घरपोच द्यायला सुरुवात केली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना लागू केली. म्हणजे हे अशक्य काम नाही. ज्या राज्याने खरेदी, साठा आणि वाटप या तिन्हीकडे लक्ष दिलं, तिथे गोळी पेशंटपर्यंत पोहोचली.

आपल्याकडे अनेक मशिदींच्या बैतुलमालमधून आणि जकातीतून गरजूंना औषधं दिली जातात. ही खिदमत मोलाची आहे. पण आयुष्यभर चालणाऱ्या गोळ्यांचा भार चंद्यावर टाकता येणार नाही. जकातीच्या पैशातून एखाद्याचं तातडीचं काम होतं, दर महिन्याचा पुरवठा ही सरकारचीच जबाबदारी आहे.

तोवर घरच्यांनी काही गोष्टी जरूर कराव्यात. ७० पूर्ण झालेल्यांचं वय वंदना कार्ड आजारी पडायच्या आधीच काढून ठेवा. आपल्याकडे पुष्कळ बुजुर्गांच्या आधारवर अंदाजाने लिहिलेली १ जानेवारी ही जन्मतारीख असते, वय कमी लागलं असेल तर पुरावा देऊन दुरुस्त करा. बोटांचे ठसे उमटत नसतील तर ओटीपी किंवा चेहऱ्याच्या ओळखीनेही नोंदणी होते. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. डॉक्टरांना अदबीने सांगा, ‘औषधाचं मूळ नाव लिहून द्या.’ बीपी-शुगरच्या गोळ्या आधी जवळच्या आरोग्य केंद्रात मागा आणि नसतील तर लेखी तक्रार द्या. तक्रारच नसेल तर कागदावर तुटवडाही नसतो.

आणि आता नगरसेवक, आमदार मत मागायला मोहल्ल्यात येतील तेव्हा गटार-रस्त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारा: आमच्या वॉर्डातल्या दवाखान्यात शुगरची गोळी बाराही महिने मिळेल का, आणि न मिळाल्यास जबाब कोण देणार?