भविष्यकाळ मराठीत केव्हा बोलणार?

वऱ्हाडात कोणता चित्रपट यावा आणि कोणता येऊ नये, याचा निर्णय कित्येक दशके अमरावतीत होत असे. शासनाच्या नकाशावरून पुसले गेलेले ‘सी. पी. बेरार’ हे नाव चित्रपट वितरकांनी मात्र आपल्या नकाशावर जपून ठेवले. अमरावतीच्या वितरकाने जे उचलले, तेच नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावातील प्रेक्षकांच्या वाट्याला यायचे. त्यात जपानी किंवा कोरियन चित्रपटाला स्थान असण्याचे कारणच नव्हते. अपवाद दूरदर्शनचा. ‘जायंट रोबोट’ ही मालिका पाहत मोठी झालेली पिढी आता पन्नाशीला टेकली आहे. पण आपण पाहत होतो ते जपानचे होते, हे तिच्यातील अनेकांच्या गावीही नव्हते.

ही वाट आता उरलेली नाही. सोयाबीनच्या शेतावरून परतलेला तरुण रात्री भ्रमणध्वनीवर चीन, कोरिया आणि जपान येथील विज्ञानपट पाहतो. या ओटीटी मंचांवर कुटुंबात बसून पाहता येऊ नये असेही पुष्कळ असते, आणि त्याविषयी या वयातील मुलांच्या पालकांनी सावध असलेच पाहिजे. परंतु तेवढ्यावरून सगळ्याच गोष्टीकडे पाठ फिरवणे शहाणपणाचे नाही.

२०१९ चा ‘द वाँडरिंग अर्थ’ हा चिनी चित्रपट पाहा. सूर्य फुगून पृथ्वी गिळणार, हे संकट. अशा वेळी हॉलिवूडचा नायक बहुधा यानात बसून दुसऱ्या ग्रहाच्या शोधात निघतो. येथे माणसे प्रचंड इंजिने बसवून पृथ्वीच सोबत घेऊन निघतात. घर सोडायचे नाही, घरासह निघायचे, ही कल्पना आपल्यालाही जवळची वाटते. त्यातील चिनी सत्तेचा आत्मगौरव लपून राहत नाही. तो ओळखूनच चित्रपट पाहावा. पण आपल्या मातीतील भावना तंत्रज्ञानाच्या भाषेत मांडण्याचे त्यांचे कौशल्य नाकारता येत नाही.

जपानचा ‘गॉडझिला मायनस वन’ (२०२३) त्याहून सरस आहे. १९५४ च्या मूळ ‘गोजिरा’मागे अणुबॉम्बची जखम होती. नव्या चित्रपटात युद्धात हरलेला, सरकारकडून काहीही मिळण्याची आशा नसलेला समाज आहे. सैन्यातून मोकळे झालेले सामान्य लोक स्वतःहून एकत्र येतात, योजना आखतात आणि या वेळी कोणीही मरायचे नाही असे ठरवतात. आत्मघातकी विमानांच्या देशाने आपल्याच इतिहासाला दिलेले हे उत्तर आहे. हॉलिवूडच्या तुलनेत अगदी तुटपुंज्या खर्चात केलेल्या या चित्रपटाला २०२४ मध्ये दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. ‘आपल्याकडे पैसा नाही’ ही आपल्या निर्मात्यांची सबब येथे लंगडी पडते.

आणि आपण? नागपूरच्या आरती कडव यांनी आयआयटी कानपूरमधून संगणकशास्त्राचे शिक्षण घेऊन पुढे चित्रपटाची वाट धरली. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला त्यांचा ‘कार्गो’ किती विदर्भवासीयांनी पाहिला असेल? त्यातील यानाचे नाव ‘पुष्पक ६३४ ए’. त्यावर एकटाच काम करणारा प्रहस्त हा राक्षस. रामायणात रावणाच्या सेनापतीचे नाव हेच. मृत माणसे यानावर येतात, त्यांच्या स्मृती पुसल्या जातात आणि त्यांना पुनर्जन्मासाठी पाठवले जाते. यमलोकाचे काम एखाद्या सरकारी कचेरीच्या संथ शिस्तीने चाललेले पाहून हसू येते, आणि त्या एकाकीपणाने मन भरूनही येते. राक्षसांना नोकरदार केलेले काहींना खटकेल. मला त्यात कुठेही टवाळी दिसली नाही. उलट पुनर्जन्माची कल्पना गृहीत धरून त्यावर विज्ञानकथा उभी करण्याचे धाडस दिसले.

हा चित्रपट हिंदीत आहे. खरी बोच तिथेच आहे. जयंत नारळीकरांची पहिली विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. ‘वामन परत न आला’ या शीर्षकातच त्यांनी पुराण आणि भविष्य यांची गाठ घातली. त्यांच्या ‘धूमकेतू’वर राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने चित्रपट केला, तोही हिंदीत! मराठी पडद्यावर ‘फुंतरू’ (२०१६) सारखा एखादा प्रयत्न सोडला, तर फारसे काही हाती लागत नाही. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा श्रद्धांजलीचे लेख पुष्कळ आले. त्यांच्या कथांवर चित्रपट करू, असे म्हणणारा निर्माता माझ्या तरी पाहण्यात आला नाही.

राज्य शासन दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्यातील थोडा वाटा विज्ञानपटांसाठी राखून ठेवण्याची मागणी साहित्य संस्थांनी आणि विज्ञान परिषदेने एकत्रितपणे करावयास हरकत नाही. ओटीटी मंचांवर परदेशी चित्रपटांसाठी हिंदी, तमिळ, तेलुगू हे पर्याय दिसतात, मराठी अभावानेच. ते ग्राहकांनी मागितल्याशिवाय येणार नाहीत, आणि अद्याप आपण ते मागितलेले नाहीत.