ग्रंथांचा ठावठिकाणा

कळवणच्या ज्या शेतकऱ्याला आपल्या कांद्यावर पडलेल्या करप्याविषयी काही वाचावयाचे आहे, त्याला पुस्तकाचे नाव किंवा लेखक ठाऊक असावा, ही अपेक्षाच अन्याय्य होय. त्याला ठाऊक असतो तो केवळ विषय, आणि म्हणूनच तालुक्याच्या ग्रंथालयातील पुस्तके विषयवार लावलेली असली पाहिजेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. पुस्तके आली त्या क्रमाने, दाखल क्रमांकानुसार, कुलूपबंद कपाटांत रचून ठेवण्याची रीत हिशेबाला व तपासणीला सोयीची असेलही. परंतु तीत कांद्याच्या पुस्तकाशेजारी कादंबरी येते, आणि वाचकाला शेजारच्या ग्रंथाकडून काहीच मिळत नाही.

मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली ज्ञानाचे दहा वर्ग पाडून जी दशांश पद्धती प्रसिद्ध केली, तिच्यानुसार ६३० हा कृषीचा अंक, ६३५ भाजीपाल्याचा, आणि त्याच्याच पोटात कांदा. गट क्रमांकावरून शेत सापडावे तसा अंकावरून ग्रंथ सापडतो, आणि त्याचे सगोत्र ग्रंथही तेथेच भेटतात. ही पद्धती निर्दोष मुळीच नाही. धर्माच्या वर्गाचा फार मोठा भाग तिने ख्रिस्ती धर्माला दिला आणि हिंदुधर्माला २९४.५ एवढ्या कोपऱ्यात बसविले. शिवाय ज्ञानेश्वरी गीतेची टीका म्हणून तेथे ठेवावी, की मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ मध्ये, हा प्रश्न कोणताही अंक आपण होऊन सोडवीत नाही. ग्रंथपालाने एकदा विचारपूर्वक निर्णय करावा, तो पाळावा, आणि दुसऱ्या जागी तसा दाखला देणारी चिठ्ठी ठेवावी. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली वर्गीकरणाची आपली स्वतंत्र द्विबिंदू पद्धती प्रसिद्ध केली. त्याआधी, १९३१ च्या आपल्या ग्रंथात, वाचकाचा वेळ वाचविणे हे त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत घातले होते. ते सूत्र कुलूपबंद कपाटापुढे विफल ठरते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला, तरीही तालुक्याच्या गावी जागा अपुरी, निधी तुटपुंजा आणि ग्रंथपाल बहुधा एकटाच, ही अडचण मला मान्य आहे. तथापि पुठ्ठ्यावर ठळक मराठी अक्षरांत वर्गांक आणि विषय लिहून तो कपाटावर लावण्यास फारसा खर्च येत नाही. ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांनी निदान कृषी, आरोग्य, कायदा आणि स्थानिक इतिहास या चार विषयांची कपाटे वर्गांकाने लावून वाचकांस खुली करावीत, आणि वाचकांनीही तशी मागणी लेखी करावी.