दोष ग्राहकाच्या आवडीचा नाही

मा. संपादक,

‘ग्राहकाला स्ट्रॉबेरी फक्त मोठी आणि लालभडक हवी, चवीशी किंवा गावाशी त्याला देणेघेणे नाही’ हा आपल्या गेल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष एकांगी आहे.

पहिला मुद्दा आकाराचा. डबीत टपोरी फळे वर, बारीक खाली आणि त्यावर ताणलेले प्लास्टिक. वास येत नाही, तळ दिसत नाही. मग ग्राहकाने पारखायचे तरी काय?

दुसरा आंबटपणाचा. लेखक तो आपल्या मातीच्या माथी मारतात. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी आढीत पिकत नाही; तोडल्यावर तिची गोडी वाढत नाही. लांबच्या बाजारासाठी अर्धकच्ची तोडलेली फळे आंबटच राहणार. महाबळेश्वरजवळच्या भिलार गावी मळ्यावर पिकलेले फळ खाल्लेला माणूस आकार विचारत बसत नाही.

तिसरा गावाचा. गावाशी देणेघेणे नसते, तर विक्रेते ‘महाबळेश्वर’ असे ओरडून माल का विकतात? या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही आमच्या बाजारातल्या डब्यांवर ना गावाचे नाव असते, ना तोडणीची तारीख.

पावसाळ्यात ग्राहक आयात ब्लूबेरी घेतो, एवढे लेखातले खरे. पण तेव्हा महाबळेश्वरचा हंगाम संपलेला असतो. बाजारात नसलेले फळ ग्राहकाने नाकारले, असे कसे म्हणता येईल?

डबीवर गाव आणि तोडणीची तारीख छापा, एक फळ चाखू द्या. ग्राहकाच्या आवडीचा निवाडा त्यानंतर करावा.

आपली,
एक वाचक, पुणे