गुरुवायूरचं दार उघडलं, स्वयंपाकघराचं काय?

केरळमधल्या गुरुवायूरच्या कृष्णमंदिराची ओळख करून देताना एक दंतकथा हमखास सांगितली जाते. मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी हे संस्कृतचे गाढे पंडित, ‘नारायणीयम्’चे कर्ते. पून्तानम हा मल्याळममध्ये लिहिणारा साधा भक्त. त्याची रचना तपासून द्यायला पंडितांनी नकार दिला, तेव्हा देवाने कौल दिला की मला मेल्पत्तूरच्या विभक्तीपेक्षा पून्तानमची भक्ती प्रिय आहे. एम.ए.च्या वर्गात ही कथा मी ‘समावेशक परंपरे’चा पुरावा म्हणून ऐकली. कथा गोड आहे, यात वाद नाही. पण पून्तानमही नंबुद्री ब्राह्मणच होता, हे सांगायचं राहून जातं. म्हणजे हा वाद देवळाच्या आतल्याच दोघांचा.

बाहेरच्यांचा इतिहास १ नोव्हेंबर १९३१ ला सुरू झालेल्या सत्याग्रहात सापडतो. के. केळप्पन नेते, ए. के. गोपालन स्वयंसेवकांचे कप्तान. पी. कृष्ण पिळ्ळै यांनी गाभाऱ्यासमोरची घंटा वाजवली आणि मार खाल्ला. हे तिघेही नायर, म्हणजे देवळात जायला त्यांना मुळात बंदी नव्हती. पण घंटेला हात लावायचा हक्क फक्त ब्राह्मणांचा. दलित रस्त्यावर, नायर अंगणात, ब्राह्मण घंटेपाशी. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती समजून घ्यायला मला तरी यापेक्षा सोपा नकाशा मिळालेला नाही.

पुढच्या तारखा शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्यात. २० सप्टेंबर १९३२ ला गांधींनी येरवड्यात उपोषण सुरू केलं, २१ ला केळप्पन यांनी गुरुवायूरला. २४ ला पुणे करार झाला. २ ऑक्टोबरला गांधींच्या सांगण्यावरून केळप्पन यांनी उपोषण सोडलं. त्यानंतर पोन्नानी तालुक्यात सार्वमत घेतलं गेलं. मत देणाऱ्यांपैकी सुमारे ७७ टक्के लोक प्रवेशाच्या बाजूने होते. काँग्रेसच्या इतिहासात हा आकडा अभिमानाने येतो. पण मत कुणाला विचारलं होतं? ज्यांना देवळात आधीपासून जाता येत होतं, त्यांनाच. ज्यांच्यासाठी दार बंद होतं, त्यांची मोजणीच नव्हती. आणि एवढं करूनही देवळाचे विश्वस्त असलेले कालिकतचे सामुद्री बधले नाहीत.

फेब्रुवारी १९३३ मध्ये बाबासाहेबांनी मंदिर प्रवेश विधेयकाला पाठिंबा नाकारला, तो या पार्श्वभूमीवर वाचला की लख्ख कळतो. स्वतः नाशिकला काळारामाचा सत्याग्रह चालवणारा माणूस म्हणत होता की हे विधेयक अस्पृश्यतेला पाप म्हणत नाही, ते प्रवेश बहुमतावर सोपवतं. माझा हक्क शेजाऱ्याच्या हात वर करण्यावर का अवलंबून असावा?

१९३६ ला त्रावणकोरच्या महाराजांनी प्रवेशाची घोषणा केली, पण गुरुवायूर ब्रिटिश मलबारमध्ये, मद्रास प्रांतात. तिथे दार उघडायला १९४७ चा कायदा यावा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचं दार उघडलं.

दार उघडलं, पण ब्राह्मणांची पंगत वेगळीच राहिली. त्या पंगतीविरुद्ध नारायण गुरूंचे शिष्य स्वामी आनंदतीर्थ यांनी मार खाल्ला. १९८३ साली दलित नेते कल्लरा सुकुमारन यांनी तिरुवनंतपुरमहून गुरुवायूरपर्यंत पदयात्रा काढली. पंगत एक झाली, तर प्रश्न चुलीपाशी जाऊन बसला. २०२२ च्या उत्सवासाठी देवस्वमने काढलेल्या नोटिशीत स्वयंपाकी ब्राह्मणच हवेत, अशी अट होती. दलित समाजातून आलेले मंत्री के. राधाकृष्णन यांनी हस्तक्षेप केल्यावर ती रद्द झाली. त्याआधी २०१४ मध्ये एका दलित कलाकाराला तिथल्या पंचवाद्यात झांज वाजवू दिली नव्हती. झांज!

‘परंपरा आहे, श्रद्धेचा विषय आहे’ हे उत्तर मला पटत नाही. गुरुवायूर देवस्वम १९७८ च्या कायद्याने चालतं, त्याची समिती सरकार नेमतं. पुजारी होण्यासाठी ब्राह्मण असणं आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली केरळच्याच खटल्यात सांगितलं. २०१७ मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळाने सहा दलितांसह ३६ अब्राह्मण पुजारी निवडले. बडव्यांचे हक्क गेल्यावर पंढरपूरच्या मंदिर समितीनेही २०१४ मध्ये सर्व जातींकडून अर्ज मागवले. म्हणजे वाट माहीत नाही, असं कुणी म्हणू शकत नाही.

काही मित्र विचारतात, आपल्याला पूजा करायचीच नाही, मग हा खटाटोप कशाला? मलाही करायची नाही. पण घरातून पहिल्यांदा पदवी घेतलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. प्रवेशाच्या यादीत आपली नावं येतात, निवड समितीत मात्र आपलं कुणी नसतं. आत घेतलं म्हणून आभार मानायला सांगितलं जातं, आणि चुलीजवळ गेलं की जात विचारली जाते.

गुरुवायूरचा मुख्य पुजारी दर सहा महिन्यांनी देवासमोर चिठ्ठी काढून ठरतो. ती नावं आजवर नंबुद्रींचीच राहिली आहेत. चिठ्ठी देवाच्या नावाने निघते, पण तिच्यात कुणाची नावं टाकायची हे अर्जाच्या अटींत आधीच ठरलेलं असतं. त्या अटी समिती लिहिते, आणि समिती नेमणारं सरकार आपल्या मतांवर निवडून येतं.