आदर हा मताचा पर्याय नव्हे

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की या देशात एक ठरावीक वाद ठरावीक शब्दांत सुरू होतो. सत्ताधारी पक्ष सांगतो की आपला उमेदवार इतका आदरणीय आहे की त्याला विरोध करणे हेच मुळी अशोभनीय होय. विरोधी पक्ष आपला उमेदवार पुढे करतो आणि त्याच्याविषयी तेच म्हणतो. एक बाजू उमेदवाराचे वय, त्याग व तुरुंगवास मोजते. दुसरी बाजू त्याची जात, प्रांत आणि विद्वत्ता मोजते. दोन्हीकडे आदराचीच भाषा चालते आणि खरा प्रश्न दोन्हीकडे टाळला जातो. तो प्रश्न असा की, राष्ट्रपती भवनात गेल्यावर ही व्यक्ती कोणत्या क्षणी कोणाला नकार देईल?

ज्या निवडणुकीत हा प्रश्न विचारला जात नाही, तेथे आदर हा एक बुरखा ठरतो. त्यामागे काय चालते याचा ताजा मासला २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांनी दिला. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांच्याविरुद्ध यशवंत सिन्हा उभे राहिले, तेव्हा मुर्मूंना विरोध म्हणजे आदिवासी समाजाचा अपमान, असा प्रचार सत्ताधारी गोटातून झाला. पुढे २८ मे २०२३ रोजी संसदेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. ते पंतप्रधानांनी केले. राष्ट्रपतींना डावलले म्हणून विरोधी पक्षांनी समारंभावर बहिष्कार घातला आणि राष्ट्रपतिपदाचा अवमान झाल्याची हाकाटी केली. आदल्या वर्षी ज्यांना आदराचा उमाळा आला होता त्यांना त्या दिवशी तो आठवला नाही. आणि ज्यांनी आदल्या वर्षी मुर्मूंविरुद्ध मते दिली होती त्यांना तो एकाएकी आठवला. आदर असा गरजेप्रमाणे खुंटीवरून काढता आणि पुन्हा टांगता येत असेल, तर तो आदर नव्हे, ते हत्यार होय.

या हत्याराची जुनी ओळख समाजवादी कार्यकर्त्याला असली पाहिजे. कारण १९६९ मध्ये त्याच्याच पक्षाने त्याची धार जवळून पाहिली आहे. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. जुलैमध्ये बंगलोर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाने लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांची उमेदवारी बहुमताने ठरवली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांना ती नको होती; तरीही रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर त्यांनी स्वतः सही केली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेण्यात आले आणि १९ जुलै रोजी १४ मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर हंगामी राष्ट्रपती या नात्याने वराहगिरी वेंकट गिरी यांची सही झाली. दुसऱ्याच दिवशी गिरींनी राजीनामा दिला आणि ते स्वतंत्र उमेदवार म्हणून रिंगणात उतरले.

मग प्रचाराला जो रंग चढला तो या पदाच्या इतिहासात अपूर्व होता. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांकडे जाऊन दुसऱ्या पसंतीच्या मतांची मागणी केली. इंदिरा गांधींनी रेड्डींसाठी पक्षादेश काढण्याचे नाकारले आणि खासदार-आमदारांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे असे आवाहन केले. एक गट म्हणे, पक्षाच्या निर्णयाचा मान राखा. दुसरा गट म्हणे, अंतरात्म्याचा मान राखा. पण ज्यांनी पक्षनिर्णयाचा मान मागितला त्यांनी तो निर्णय चार भिंतींच्या आड, आपसांतल्या कुरघोडीसाठी घेतला होता. आणि ज्यांनी अंतरात्म्याची हाक दिली त्यांच्या अनुयायांचा अंतरात्मा चमत्कार व्हावा तसा एकाच दिवशी, एकाच दिशेने जागा झाला. असा एकमुखी विवेक हा विवेक नसतो. तो आदेशच असतो, फक्त तोंडी. रेड्डींच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारे एक निनावी पत्रकही याच काळात मतदारांमध्ये फिरले. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि विद्यमान राष्ट्रपतींनी न्यायालयात येऊन साक्ष देण्याचा प्रसंग ओढवला. निवडणुकीविरुद्धचा अर्ज फेटाळला गेला. पण आदराच्या गर्जना करणाऱ्या प्रचाराची पातळी कोठवर घसरते, ते देशाने पाहिले.

१६ ऑगस्टला मतदान झाले. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नव्हती. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला.

या तिसऱ्या नावापाशी महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने क्षणभर थांबावे. चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्यातून लोकसभेवर गेलेले केंद्रीय अर्थमंत्री. मुंबईला महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदावर लाथ मारली आणि मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता असे निर्णय होतात, हे नेहरूंच्या तोंडावर संसदेत सांगितले. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्या समाजवाद्यांना या माणसाविषयी आदर असणे अगदी स्वाभाविक होते. परंतु १९६९ मध्ये ते जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांचे उमेदवार होते. संयुक्त समाजवादी पक्षाने त्यांना पाठिंबा दिला नाही, आणि त्यात देशमुखांचा कसलाही अनादर नव्हता. १९५६ च्या राजीनाम्याचा आदर जन्मभर करावा; १९६९ चे मत मात्र १९६९ च्या राजकारणाकडे पाहूनच द्यावे. हा भेद ज्या दिवशी पुसला जातो त्या दिवशी मतदान संपते आणि आरती सुरू होते.

एवढा भेद ओळखणाऱ्या पक्षाची चूक मग कोठे झाली? गिरींना पाठिंबा देण्यात ती झाली नाही. गिरी हे कामगार चळवळीतून आलेले पुढारी. बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांना त्यांनी संघटित केले होते. बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला म्हणून १९५४ मध्ये त्यांनी केंद्रीय मजूरमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला जे समाजवादी वर्षानुवर्षे मागणी करीत होते त्यांनी त्या घटकेला रेड्डी आणि देशमुख यांच्यापेक्षा गिरींना पसंत करावे, हे समजण्यासारखे होते. दगडापेक्षा वीट मऊ, असा तो हिशेब होता. चूक झाली ती त्यापुढे. उमेदवाराच्या पूर्वचरित्राविषयी वाटणाऱ्या आदरावर पक्ष विसंबला. कोणत्या अटीवर हे मत दिले जात आहे, ते कोणी जाहीरपणे मांडले नाही. आणि ज्या नेत्याच्या शब्दावर डावे-समाजवादी एकवटले, त्या नेत्याने पक्षाची शिस्त मोडून आपल्या एकट्याच्या इच्छेला देशाच्या विवेकाचे नाव दिले आहे, याकडे काणाडोळा केला.

त्याची किंमत पाच वर्षांत चुकवावी लागली. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला. संप सुरू होण्यापूर्वीच फर्नांडिस यांना अटक झाली. हजारो कामगार तुरुंगात टाकण्यात आले, कित्येकांना नोकरीवरून काढले, त्यांच्या बायकामुलांना रेल्वेच्या वसाहतींमधून बाहेर ओढण्यात आले. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. हे सारे घडत होते तेव्हा राष्ट्रपती भवनात कोण होते? रेल्वे कामगारांच्या संघटना बांधण्यात ज्यांचे तारुण्य गेले, तेच वराहगिरी वेंकट गिरी. गिरींवर व्यक्तिशः दोषारोप करण्याचे कारण नाही. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणे हीच त्यांच्या पदाची चौकट होती. बोध वेगळाच आहे. माणसाचे पूर्वचरित्र पदाला आपोआप शहाणपण देत नाही. वसाहतीतून बाहेर फेकलेल्या कामगाराच्या कुटुंबाला राष्ट्रपतींच्या जुन्या कामगारसेवेचा काडीचाही उपयोग झाला नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुढची निवडणूक झाली. काँग्रेसचे उमेदवार फक्रुद्दीन अली अहमद, विरोधकांचे उमेदवार त्रिदिब चौधरी. गोव्याच्या मुक्तिलढ्यात नानासाहेब गोरे आणि मधु लिमये यांच्याप्रमाणेच पोर्तुगीजांचा तुरुंगवास भोगलेले हे क्रांतिकारी समाजवादी नेते मोठ्या फरकाने पडले. त्यांच्या उमेदवारीला तेव्हा पुष्कळांनी नुसता हट्ट म्हटले होते. पण २५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधानांकडून आणीबाणीचा कागद आला. मंत्रिमंडळाची संमती त्यामागे नव्हती. मंत्र्यांना ती बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. राष्ट्रपतींनी प्रश्न विचारला नाही, कागद परत पाठवला नाही, सही केली. पुढचे एकोणीस-वीस महिने समाजवादी कार्यकर्त्यांनी तुरुंगात काढले. नकार देण्याची शक्यता असलेला माणूस तेथे असावा, हा हट्ट नव्हता, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल?

येथे एक जुना आक्षेप घेतला जातो. राष्ट्रपती हे शोभेचे पद. त्यासाठी एवढी रणधुमाळी कशाला? हा आक्षेप अर्धसत्य आहे आणि म्हणूनच घातक आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला. आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याखेरीज आणीबाणी जाहीर करता येणार नाही, असेही बंधन घातले. त्या अधिकाराचा वापर झाला आहे. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली. पहिल्या वेळी गुजराल यांचे सरकार होते, दुसऱ्या वेळी वाजपेयींचे. म्हणजे नकार पक्ष पाहून दिला गेला नाही. शोभेच्या वस्तूला असे करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. निवडणूक बिनविरोध व्हावी, त्यातच पदाची प्रतिष्ठा आहे, असे म्हटले जाते. १९७७ मध्ये तेच नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्यावर चिखल उडाला होता ते एका रात्रीत सर्वांचे झाले. त्यामुळे प्रतिष्ठा वाढली की फक्त प्रश्न थांबले? १९८२ मध्ये झैलसिंग यांच्याविरुद्ध विरोधकांनी न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना उभे केले. आणीबाणीत नागरिकाच्या जिवालाही न्यायालयाचे संरक्षण नाही, असा कौल चार न्यायाधीशांनी दिला, तेव्हा एकट्याने विरोधी निकाल देणारे आणि त्यापायी सरन्यायाधीशपदाला मुकलेले हे खन्ना. ते हरले. तरी नकार देण्याचे धैर्य हीच या पदाची पात्रता होय, हे त्या उमेदवारीने देशासमोर मांडले. बिनविरोध निवडणुकीत ही संधीच उरत नाही. हरणारी लढत सुद्धा प्रश्न नोंदवून ठेवते.

राममनोहर लोहियांनी १९६२ मध्ये फुलपूरला नेहरूंविरुद्ध उभे राहून नेमके हेच केले. ज्या नेहरूंच्या बरोबरीने त्यांनी एके काळी काँग्रेसच्या परराष्ट्र विभागाचे काम केले होते, त्यांनाच १९६३ मध्ये लोकसभेत त्यांनी विचारले की, देशातला कोट्यवधी माणूस दिवसाला तीन आण्यांवर जगत असताना पंतप्रधानांवर रोज किती खर्च होतो? त्या प्रश्नाने पंतप्रधानांना आकड्याने उत्तर द्यावे लागले. ज्याला उत्तर मागावेसे वाटते त्याला आपण उत्तर देण्यायोग्य समजतो. नेत्याचा याहून मोठा आदर कोणता?

मात्र हा अधिकार वापरणाऱ्याने आपले हातही स्वच्छ ठेवले पाहिजेत. रेड्डींविरुद्धचे ते निनावी पत्रक हा प्रश्न नव्हता. ती निंदा होती. उमेदवाराची जात, तिचे स्त्रीपण, तिचे उच्चार, तिचे दारिद्र्य यांची टवाळी करणारा कार्यकर्ता समाजवादी म्हणवून घेण्यास पात्र नाही, मग तो कोणत्याही सभेत कितीही टाळ्या घेवो. प्रश्न कृतीविषयी असावा, जन्माविषयी नव्हे.

म्हणून पुढच्या वेळी एखादा नेता व्यासपीठावरून आदराची हाक देईल, तेव्हा पक्षाच्या खासदार-आमदारांना कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत. हा उमेदवार आजवर सत्तेपुढे कधी, कोठे नकार देऊन उभा राहिला? वटहुकूम, राष्ट्रपती राजवट आणि फाशीच्या शिक्षेचे दयेचे अर्ज यांविषयी त्याचे म्हणणे काय? आणि पक्ष हे मत कोणत्या अटीवर देत आहे? उत्तरे मिळाली तर मत द्यावे, उघड द्यावे, कारणांसह द्यावे. उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या उमेदवाराला खुशाल वाकून नमस्कार करावा. मत देऊ नये.