वेगळे मत म्हणजे बदनामी नव्हे

"समाजाची बदनामी करू नका." बाईला गप्प बसवण्यासाठी आपल्याकडे जी वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरली जातात, त्यांतले हे सर्वांत सोयीचे. यात तिचे म्हणणे खरे की खोटे हे तपासावे लागत नाही. ती बोलली, एवढाच तिचा गुन्हा ठरतो. समाजाच्या जागी कधी घर येते, कधी युनियन, कधी संस्था. आणि खेदाने म्हणावे लागते, कधी 'चळवळ'ही येते.

हे वाक्य कुठपर्यंत जाते, ते आपल्या पिंपरीने पाहिले आहे. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री नवरीच्या कौमार्याची परीक्षा घेण्याची प्रथा आहे. पांढरी चादर दिली जाते आणि नंतर पंचांसमोर नवऱ्याला विचारले जाते, माल खरा की खोटा? प्रश्न नवऱ्याला, उत्तर नवऱ्याचे, निवाडा पंचांचा. जिच्याबद्दल हे सारे चालले आहे, तिला कोणी काही विचारत नाही. या भाषेत ती माणूसही नाही, 'माल' आहे.

२०१७ साली याच समाजातल्या शिकलेल्या मुलामुलींनी या प्रथेविरुद्ध 'स्टॉप द व्ही रिच्युअल' ही मोहीम सुरू केली. पंचायतीत त्यांना बोलायला जागा नव्हती, म्हणून मोबाइलवर गट करून ते एकमेकांशी बोलू लागले. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीच्या भाटनगरात एका लग्नात या मोहिमेतल्या तरुणांना मारहाण झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, नवरात्रात, ही परीक्षा नाकारून लग्न केलेली एक तरुणी भाटनगरातच दांडिया खेळायला उतरली, तेव्हा गाणी बंद करण्यात आली. तिच्या अंगाला कोणी हात लावला नाही. फक्त संगीत थांबले आणि भर मांडवात सगळ्यांना कळले, की ही आता आपल्यातली नाही. बहिष्कार असा असतो. त्याला काठी लागत नाही.

या प्रथेची बाजू घेणारे तीन मुद्दे मांडतात. ते नीट पाहिले पाहिजेत, कारण तेच मुद्दे उद्या आपल्या चाळीत आणि सोसायटीतही ऐकू येणार आहेत.

पहिला मुद्दा : हा आमच्या घरातला प्रश्न आहे, बाहेर का नेता? ठीक आहे. पण घरात तो मांडायचा कुठे? जातपंचायतीत बाईला पंच म्हणून बसता येत नाही. तक्रार ऐकणारे, निवाडा देणारे आणि दंड वसूल करणारे हात तेच. त्या निवाड्यावर अपील नाही. घराची सगळी दारे आतून लावून घ्यायची आणि खिडकीतून ओरडणारीला म्हणायचे, चव्हाट्यावर का आलीस? हा न्याय कुठला?

दुसरा मुद्दा : बहुमत आमच्या बाजूने आहे. असेलही. पण वेगळे मत असलेल्याला मार खावा लागतो, लग्नाची आमंत्रणे बंद होतात, मयताला कोणी येत नाही, तिथले बहुमत मोजायचे कसे? भीतीने वर झालेला हात हे मत नसते. विरोध करणारी सुखरूप घरी जाऊ शकते आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर बसू शकते, तिथेच बहुमताला काही किंमत असते.

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, आमच्या बायकांनाच ही प्रथा हवी आहे. २०१८ साली कंजारभाट समाजातल्या स्त्रियांनी पुण्यात मोर्चा काढला होता, आणि तो मोहीम चालवणाऱ्यांच्या विरोधात होता. अशा बायकांना 'पुरुषांच्या हातातले बाहुले' म्हणून मोकळे होण्याची आपल्याला घाई असते. ती घाई आपण सोडली पाहिजे. त्यांनाही बोलण्याचा हक्क आहे. शिवाय त्यांच्या रागाला इतिहास आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, त्या जमाती 'विमुक्त' झाल्या आणि कंजारभाट आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. पण पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या मनातली नोंद कायद्याने पुसली जात नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या संशयाने पाहिले गेले, त्यांना आपल्या घरातली गोष्ट वर्तमानपत्रात आलेली सोसत नाही. हे समजून घ्यायला हवे.

मात्र समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. मोर्चातल्या बाईला आणि परीक्षा नाकारणाऱ्या मुलीला बोलण्याचा हक्क सारखा आहे, पण बोलण्याची किंमत सारखी नाही. पहिली बोलून घरी जाते तेव्हा समाज तिच्या पाठीशी असतो. दुसरीसाठी गाणी बंद होतात. दोघींच्या मधोमध उभे राहून जो 'मी तटस्थ' असे म्हणतो, तो खरे तर पंचांच्या बाजूला उभा असतो. सभा चालवणाऱ्याचे काम दोघींना समान मिनिटे वाटण्याने संपत नाही. बोलल्याबद्दल एकीलाच दंड भरावा लागू नये, हे पाहणे हेही त्याचेच काम आहे.

कायद्याच्या इतिहासातही हाच झगडा आहे. मुंबई राज्याने १९४९ साली समाजातून बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांनी वेगळे मत दिले. बहिष्कृत माणसाची आपल्याच समाजात अस्पृश्यासारखी अवस्था होते, असे त्यांनी मांडले. ते हरले. पण त्यांचे मत निकालपत्रात छापले गेले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने १९६२ चा तो निकाल फेरविचारासाठी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. मधे साठ वर्षे गेली. न्यायालयात आणि जातपंचायतीत फरक आहे तो इथेच. न्यायालयातही अल्पमत हरते, पण तिथे ते लिहून ठेवले जाते. पंचायतीत हरलेल्याला दंड भरावा लागतो.

महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींना मूठमाती देण्याचे अभियान चालवले. त्यानंतर २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दांडियाच्या प्रकरणात याच कायद्याखाली तक्रार नोंदवली गेली. कायदा हवाच होता. पण पोलीस चौकी मांडवात संगीत सुरू करू शकत नाही. ते काम माणसांनाच करावे लागते.

आता मैत्रिणींनो, जरा आपल्याकडे वळू. पंचांना नावे ठेवणे सोपे आहे. पण आपल्या बचत गटात एखादी बाई हिशेबाबद्दल प्रश्न विचारते, तेव्हा "गटात फूट पाडू नकोस" असे आपणच म्हणतो ना? भोसरी-चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार बाई गेट मीटिंगमध्ये संडास नसल्याचे सांगू लागली, की "आधी पगारवाढीचे बघू" म्हणून तिच्या हातातला माइक काढून घेतला जातो. सोसायटीच्या सभेत भाडेकरू बाईचे बोलणे इतिवृत्तात येतच नाही. "सर्वानुमते मंजूर" हे दोन शब्द लिहिले की तिचा विरोध जणू झालाच नव्हता!

म्हणून निदान आपल्या सभांपुरते तरी काही नियम आपण पाळू या. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याने त्या दिवशी अध्यक्षपद सोडावे. शिवी, धमकी आणि अंगावर धावून जाणे तिथल्या तिथे थांबवावे, मग तसे करणारी व्यक्ती आपल्या बाजूची असली तरी. पण मत पटले नाही एवढ्यावरून कोणाला थांबवू नये. थांबवलेच तर कारण सांगावे, आणि ते पटले नाही तर तिला दुसऱ्या कोणाकडे दाद मागता यावी. 'सर्वानुमते' लिहिण्यापूर्वी विरोधात कोण आहे, हे मोठ्याने विचारावे. विरोधातले मत बोलणारीच्या शब्दांत इतिवृत्तात लिहावे आणि तिला वाचून दाखवावे. आणि सभा संपल्यावर तिला एकटीला घरी पाठवू नये. पूर्ण बैठक तिच्याशी असहमत असली, तरी दोघींनी तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत जावे.

भाटनगरात त्या रात्री नाचणाऱ्यांपैकी दहाजणी जरी तिच्याभोवती फेर धरून, गाण्याशिवाय, नुसत्या टाळ्यांवर खेळत राहिल्या असत्या, तर पंचांनी काय केले असते? तशा दहाजणी प्रत्येक वस्तीत तयार करणे, हेच आपले काम आहे.