आंग्रे घराणे : चाचेगिरीचा आरोप आणि राजमाचीची साक्ष

कुलाब्याचे आंग्रे हे मूळचे संकपाळ. तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. त्यांचा मुलगा कान्होजी याने सुवर्णदुर्गावर नाव कमावले, छत्रपतींकडून सरखेलपद मिळवले आणि १७२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत कोकण किनाऱ्यावर आपल्या परवान्याखेरीज व्यापारी गलबत फिरू दिले नाही. शेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी ही त्याची मुले आणि त्यानंतरचे रघुजी यांच्या हाती घराण्याची सत्ता राहिली, ती १८४० मध्ये संपली. या इतिहासाची पहिली मांडणी मात्र मुंबईच्या इंग्रजांनी केली आणि तिचा सारांश असा की आंग्रे हे समुद्री चाचे होते. दीडशे वर्षे हा शिक्का पुस्तकांतून फिरला. आजही तो पुरता पुसला गेलेला नाही.

आरोपाला आधार नाही असे नाही. नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजीच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याचे खासगी जहाज पकडले. त्या झटापटीत कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन मारला गेला, त्याची तरुण पत्नी कैद झाली आणि ३०,००० रुपये खंडणी घेऊनच सुटली. १७३५ च्या डिसेंबरात संभाजीने कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज नेले. माणसे धरली गेली, माल जप्त झाला, खंडण्या वसूल झाल्या. एवढ्यावरून चाचेगिरी सिद्ध होत असेल, तर त्या काळातील एकही दर्यावर्दी सत्ता त्या आरोपातून सुटणार नाही.

पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हिंदी महासागरातील प्रत्येक गलबताला आपला परवाना घ्यायला लावत आणि ज्याच्याकडे तो नसेल त्याला लुटत. इंग्रजही आपले परवाने देत. कान्होजीचे दस्तक त्याच प्रथेतले होते. कंपनीशी खरा वाद पेटला तो देशी व्यापाऱ्यांच्या मालावरून. इंग्रजी निशाणाखाली हा माल आंग्र्यांची जकात चुकवून जाऊ लागला. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना दिलेली सूट दुसऱ्याच्या मालाला लागू नाही, ही कान्होजीची भूमिका होती. व्यवहाराच्या दृष्टीने ती अगदी सरळ होती. खरे चाचे कसे असतात हे इंग्रजांना चांगले ठाऊक होते. १६९५ मध्ये औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ लुटणारा एव्हरी हा इंग्रजच होता. त्याच्या मागे राज्य नव्हते, किल्ला नव्हता, रयत नव्हती. लूट वाटून तो नाहीसा झाला.

आंग्र्यांची सत्ता कशी होती हे जहाजाच्या डेकवरून दिसत नाही. त्यासाठी किनारा सोडून आत, बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीजवळच्या साजगावापर्यंत यावे लागते. साजगाव-ताकईच्या विठोबाची कार्तिकी यात्रा सुक्या मासळीसाठी प्रसिद्ध आहे. देवाला लोक बोंबल्या विठोबाच म्हणतात. तुकोबा व्यापारासाठी इथे उतरत अशी आख्यायिका आहे. समुद्रावरचे सुके बोंबील घाटाखालच्या देवाच्या दारात का विकले जातात, याचे उत्तर रस्त्यात आहे. बंदरात उतरलेला माल याच बाजूने घाट चढून देशावर जाई. हा रस्ता ज्याच्या नजरेखाली, त्याची बंदरे मोलाची. साजगावच्या वरच्या अंगाला राजमाची उभी आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे तिचे दोन बालेकिल्ले. एका अंगाला बोरघाट आणि दुसऱ्या अंगाला उल्हासचे, कर्जतकडे उतरणारे खोरे, अशी तिची जागा आहे.

१७१३ मध्ये ही राजमाची कान्होजीने घेतली. तो तेव्हा ताराबाईंच्या पक्षाचा होता. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्याच्यावर पाठवले. कान्होजीने त्यांनाच कैद केले आणि साताऱ्यालाही धाक बसला. पेशवेपद बाळाजी विश्वनाथांकडे आले ते याच संकटात. त्यांनी लढाई टाळून बोलणी केली. तहाने पिंगळे सुटले, कान्होजी शाहूंच्या बाजूला आला, सरखेलपद कायम झाले आणि १० किल्ले व १६ लहान गढ्या-ठाणी त्याच्याकडे राहिली. जिंकलेला मुलूख परत करताना राजमाची मात्र त्याने ठेवली. साजगावच्या माथ्यावरचा डोंगरी किल्ला समुद्रावरच्या सरदाराने हट्टाने राखला, यातच त्याच्या राज्याचा आकार कळतो. बंदर, घाट आणि त्यांना जोडणारी वाट हे सारे मिळून त्याचा मुलूख होता. चाच्याशी कोणी छत्रपती दहा किल्ल्यांचा तह करत नाही.

युरोपातली उदाहरणे ठेवली की आरोपातला पक्षपात उघडा पडतो. डंकर्कचा झाँ बार आणि सेंट मालोचा दुगे-त्रुआँ हे दोघे फ्रान्सच्या राजाच्या परवान्याने शत्रूची व्यापारी जहाजे पकडत. चौदाव्या लुईने पहिल्याला १६९४ मध्ये आणि दुसऱ्याला १७०९ मध्ये सरदारकी दिली, आणि ती घराणी फ्रेंच उमरावांत गणली गेली. तेच काम, त्याच वर्षांत, छत्रपतींच्या सनदेने करणारा मात्र चाचा ठरला. इंग्लंडचेही तसेच. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणारा विल्यम जेम्स पुढे बॅरोनेट झाला, आणि त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने लंडनजवळ त्या किल्ल्याच्या नावाचा मनोरा बांधला.

इंग्रजांच्या मोहिमांचा हिशेबही बोलका आहे. १७१८ मध्ये खांदेरीवर आणि त्यानंतर विजयदुर्गावर मुंबईचा गव्हर्नर बून याच्या आरमाराला हात हलवत परतावे लागले. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. पहिल्या बाजीरावांची कुमक पोचली आणि हा डावही फसला. १७२४ मध्ये डचांची तीच गत झाली. जो मुठीत येत नाही त्याला गुन्हेगार म्हणणे ही पराभूताची सोय होती.

घरच्या बाजूचा एक समजही इथे तपासायला हवा. तुळाजीने पेशव्यांना जुमानले नाही, शेजारच्या मराठी मुलखालाही त्रास दिला, म्हणून त्याचा नाश त्यानेच ओढवून घेतला, असे नानासाहेब पेशव्यांच्या बचावात सांगितले जाते. तुळाजीची अरेरावी खरी आहे. १७३३ नंतरची भाऊबंदकीही खरी. १७३५ मध्ये मानाजी कुलाब्याला आणि संभाजी दक्षिणेकडे अशी वाटणी झाली, तेव्हाच घराण्याची निम्मी ताकद गेली होती. तरीही बंडखोर सरदाराला वठणीवर आणणे वेगळे आणि त्यासाठी परक्या आरमाराला हाक मारणे वेगळे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या तोफांनी विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांची गलबते पेटवली. जळाले ते मराठ्यांचे आरमार. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी वाटून घेतली, तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला, आणि कोकण किनाऱ्यावर मुंबईकरांना अडवील असे बळ पुन्हा उभे राहिले नाही. एके काळी ज्यांच्या मदतीला पेशव्यांची फौज येई, त्यांच्यावरच पेशव्यांनी शत्रू घातला. हा दोष तुळाजीच्या माथी मारून पेशव्यांना मोकळे करता येत नाही.

कुलाब्याची शाखा यानंतरही टिकली. पहिल्या रघुजीने १७५९ ते १७९३ कारभार केला, तेव्हा अलिबागला तुलनेने स्वस्थता होती. पुढे वारसाहक्काचे तंटे झाले, शिंद्यांकडचे बाबूराव आंग्रे गादीवर आले आणि दुसऱ्या रघुजीशी कंपनीने १८२२ मध्ये रीतसर तह केला. आरोपाला शेवटचे उत्तर कंपनीच्याच दप्तरात असे सापडते. राजा म्हणून ज्याच्याशी करार होतो, तो चाच्यांचा वंशज म्हणून बाजूला सारता येत नाही. १८३८ मध्ये रघुजी वारले, त्यांच्यामागे जन्मलेला मुलगा १८३९ मध्ये गेला, आणि दत्तकाची परवानगी नाकारून १८४० मध्ये संस्थान खालसा झाले. दत्तक नामंजूर करून राज्ये गिळण्याचे धोरण डलहौसीच्या नावावर लिहिले जाते आणि त्याची सुरुवात १८४८ च्या साताऱ्यापासून सांगितली जाते. कुलाबा त्याच्या आठ वर्षे आधी गेला होता.